रत्नागिरीत जन्मदर घटलाय की माणसंच निघून गेली?

खेडकर_विरारवाला:
शिमग्याला गावी गेलेलो. वाडीतल्या जि.प. शाळेत पहिलीला एकच पोरगा, गुरुजी म्हणाले पुढच्या वर्षी तोपण नसेल. मग आकडे शोधले, 2001 ला जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 आणि 2011 ला 16,15,069, म्हणजे 80 हजारांवर कमी आणि त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र 16 टक्क्यांनी वाढला! जन्मदर एवढा पडला का?

आंबाफणस:
दादा तू विरारला बसून विचारतोयस, उत्तर तूच आहेस 😀
जन्मदर काढतात हजार लोकसंख्येमागे. वाडीत उरलेत म्हातारा-म्हातारी, जोडपी मुंबईकडे, विरार नाहीतर दिव्याला, मग पोरं जन्मणार कुठे? एका बाईमागे मुलं किती हा वेगळा आकडा, तो तेवढाच राहिला तरी जिल्ह्याचा जन्मदर खाली येतो.

लांजेकरीण:
अर्धंच खरं. चाकरमानी काय आज जातायत का, आमचे आजोबा गिरणीत होते, राहायचे लालबागच्या गाळ्यात, आजी गावी, मनीऑर्डर यायची आणि आजोबा गणपती-शिमग्याला यायचे, तरी सहा पोरं झाली आणि सगळी गावच्या शाळेत शिकली. तेव्हा फक्त पुरुष जायचे, आता लग्न झालं की जोडपंच जातं. 2011 लाही इथे हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, म्हणजे पुरुषच जास्त बाहेर, पण 2001 ला 1136 होत्या, म्हणजे बायकाही निघाल्यात. आणि मुलं कमी होतायत हेही आहेच की. एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21) मध्ये महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे तोच एका बाईमागे मुलांचा आकडा, 1.7 आलाय, लोकसंख्या टिकायला 2.1 लागतो. विरारलाही दुसऱ्या पोराचं नाव काढलं की फ्लॅटचा हप्ता आठवतो.

दप्तरदार:
कोणी ग्रामपंचायतीचं जन्माचं रजिस्टर बघून निष्कर्ष काढू नका हां. नोंद होते जिथे बाळंतपण झालं तिथे. सून राहते वाडीत पण पहिलं बाळंतपण माहेरी, किंवा केस अवघड म्हणून कोल्हापूरला हलवली तर नोंद तिकडची. गावाचं पान कोरं, पोरगं मात्र अंगणात खेळतंय.

खेडकर_विरारवाला:
मग बघायचं काय?

दप्तरदार:
जनगणनेतली 0 ते 6 वयाची मुलं घ्या आणि 15 ते 49 च्या बायकांशी भागा. बायकाच निघून गेल्या असतील तर दोन्ही आकडे पडतात पण भागाकार फारसा हलत नाही. भागाकारच घसरला तर मुलं खरंच कमी होतायत. 2021 ची जनगणना झालीच नाही, आता 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून होणार, तोवर 2011 वरच भागवा.

आंबाफणस:
म्हणजे मोजणी परत त्या 1 मार्चच्या आधी, फेब्रुवारीत, अर्ध्या घरांना कुलूप. गणपतीत मोजा म्हणावं, बघा कशी वाढते 😂

लांजेकरीण:
गणपतीत मोजून पहिलीचा पट वाढणार आहे का? वीस पोरांच्या आतल्या शाळा समूह शाळेत (आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक) घालायचं चाललंय, आमच्या वाडीतून ती पोरं घाटी उतरून पावसात जाणार कशी ते आधी सांगा.