जलाशयात फेरीसाठी फक्त रिब बोटच हवी का?

पैठणची_लेक
दिवाळीत लेकरांना घेऊन मराठवाड्यातल्याच एका धरणावर गेलो होतो. पत्र्याची होडी, त्यात अठरा माणसं आणि लाईफ जॅकेटं फळीखाली कोंबलेली. धाकट्यासाठी जॅकेट मागितलं तर नावाडी म्हणाला, "काही होत नाही ताई, रोज नेतो." मधोमध गेल्यावर वारा सुटला, काठावरून पाणी आत यायला लागलं. मी लेकराचा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ दिसत होते.

म्हणून माझं म्हणणं, हौशी फेरीची परवानगी फक्त रिब बोटीलाच द्या. तिचा तळ फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा, कडक असतो आणि भोवती हवेच्या जाड नळ्या असतात. नळीत वेगवेगळे कप्पे असल्यामुळे एक फाटला तरी बाकीचे बोटीला तरंगत ठेवतात. १९६० च्या दशकात वेल्समधल्या ॲटलांटिक कॉलेजात बचावकामासाठी ही बोट घडत गेली. समुद्रात टिकते ती आमच्या पैठणच्या नाथसागर धरणात का नको?

भोईराज
ताई, तुमच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पण दोष होडीचा नव्हता. अठरा माणसं बसवली त्याचा होता, आणि वारा सुटायच्या आधी काठाला न लागल्याचा होता. आमच्या घरात तीन पिढ्या जाळं टाकतात. पश्चिमेला आभाळ काळवंडलं की आजा होडी ओढून घ्यायचा, मग जाळ्यात मासा असो नसो.

उजनीत २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. तिथं बोटीची जात बदलून काय झालं असतं? त्या वाऱ्यात निघायलाच नको होतं. उद्या लाखोंच्या बोटीचा नियम आला की आमच्या पोरांच्या हातातली फेरी जाईल आणि बाहेरचा ठेकेदार येईल.

सीनाकाठ
मी परंडा तालुक्यातला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं गावं वेढली तेव्हा लोक छपरावर बसून होते. काहींना हेलिकॉप्टरनं काढलं, काहींना रबरी बोटीनं. वल्ह्याची होडी त्या धारेत टिकलीच नसती. पर्यटनाच्या निमित्तानं तालुक्याला अशा दोन बोटी आल्या तर पुरात बाहेरून दल यायची वाट बघत बसावं लागणार नाही. मी ताईंच्या बाजूचा.

ओबीएम_मिस्त्री
पंधरा वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

रिब बोट चांगलीच आहे, पण आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. बोट काठावर बेचाळीस अंशांत उभी असली की नळीतली हवा फुगते, सांध्यांवर ताण येतो. तीच बोट गार पाण्यात ढकलली की नळी ढिली पडते. दाब साधारण ०.२ ते ०.२५ बारच्या आसपास लागतो, म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा तपासावा लागतो. नळी पीव्हीसीची असेल तर ऊन तिला लवकर खातं. हायपलॉन म्हणजे रबरी लेपाचं कापड जास्त टिकतं, पण महाग. त्यात आपल्या जलाशयांच्या काठाला वेडी बाभूळ माजलेली. तिचा काटा ट्रॅक्टरच्या टायरला सोडत नाही. पाणी उतरलं की धरणात गेलेल्या गावांच्या भिंती आणि विहिरींचे काठ वर येतात, तिथं नळी घासली की संपलं.

आणि किल कॉर्ड. ही लाल दोरी चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा मनगटाला बांधायची असते, तो पाण्यात पडला की इंजिन बंद होतं. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ती दोरी इंजिनालाच कायमची गुंडाळून ठेवलेली असते. मग सुटलेली बोट गोल फिरते आणि तिचा पंखा पाण्यातल्या माणसावर येतो. वेगवान बोट बेजबाबदार हातात दिली तर ती वल्ह्याच्या होडीपेक्षा जास्त घातक.

सीनाकाठ
दादा, म्हणजे वापरायचीच नाही?

ओबीएम_मिस्त्री
वापरा, पण चालवणारा शिकलेला हवा. आणि शिकलेलाही हरतो. २३ मे २०२४ ला नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती दलाची बोट उलटली, तीन जवान गेले. हीच प्रवरा पुढं गोदावरीला मिळते. हे लिहिताना आजही हात जड होतो.

पैठणची_लेक
मिस्त्रीदादा, उन्हाचं आणि काट्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तरी मी पूर्ण मागं येणार नाही. माणूस चुकणारच, म्हणून चुकल्यावरही तरंगत राहील अशी बोट हवी. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं होती, कित्येकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्या आयांना "नावाडी चुकला" सांगून काय उपयोग?

भोईदादा, फेरी तुमच्याच पोरांकडं राहावी. बोट सरकारनं किंवा मच्छीमार सोसायटीनं घ्यावी, चालवायचं प्रशिक्षणही द्यावं. मग चालेल का?

भोईराज
सोसायटीच्या नावावर बोट आणि आमच्या पोरांना परवाना, असं कागदावर आलं तर बोलू. पण जॅकेटाचं त्याची वाट न बघता, उद्यापासूनच. आमच्या घाटावर चार होड्या फेरीला जातात आणि जॅकेटं नऊ आहेत, त्यातलं लहान मुलाच्या मापाचं एकही नाही. रविवारी चौघांना बसवून हे सांगतो. जितकी जॅकेटं तितकीच माणसं.