भरती-ओहोटी बघून मगच बोट ठरवा

नाशिकहून लहान मुलं आणि आजीला घेऊन गोव्यातल्या चोडणला खारफुटीत बोटीने जावं का, खरंच काही दिसतं का, असं विचारलंय तुम्ही. नक्की जा, पण आपल्याला नाशिकजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याची सवय, पहाटे पोचलं की पक्षी दिसतात, खाडीत तसं नसतं, तिथे आधी भरती-ओहोटी बघायची. पूर्ण ओहोटीला आतल्या अरुंद फाट्यांत बोट जात नाही आणि पूर्ण भरतीला चिखलच पाण्याखाली, त्यामुळे पाणी उतरायला लागलं की निघा. तेव्हा चिखलावर निवटे बाहेर येतात, मासाच पण पुढच्या परांवर सरपटतो, डोळे पार डोक्यावर, मधेच टुणकन उडी, आमची लेक तर मगर दिसते का ते बघायचं विसरून तेच बघत बसली होती. तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली मुळंही तेव्हाच दिसतात, पेन्सिली रोवल्यासारखी. नावाड्याला मधेमधे इंजिन बंद करायला सांगा, धीवर म्हणजे खंड्या पक्षी जवळून बघता येतो. आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आहेत का हे फोनवरच विचारा, प्लीज. गोवा लांब वाटलं तर ऐरोलीला ठाणे खाडीत फ्लेमिंगोंसाठी बोट असते, हिवाळ्यात उशिरा जा, वेळ तिथेही भरतीवरच ठरते.