बेनिडॉर्मला उपाशी राहिलात? आधी घड्याळ बघा!

दर्यावर्दी:
'पुणेरी पाहुणा' यांचं परवाचं बेनिडॉर्मपुराण वाचलं आणि राहवेना, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पेनमधल्या बेनिडॉर्म या समुद्रकाठच्या पर्यटनगावात लेव्हान्ते किनाऱ्यासमोर मुक्काम, फोनवर साडेचार तारे बघून जेवायच्या जागा निवडल्या, संध्याकाळी साडेसहाला पिवळाधमक पाएया (परातीत शिजवलेला तिथला भात) खाल्ला, आईंच्या सॅलडमध्ये ट्यूना मासा निघाला आणि तिसऱ्या दिवसापासून बाल्कनीत बसून दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. निष्कर्ष काय, तर 'स्पॅनिश लोकांना खायला घालता येत नाही'.

अहो पाहुणे, साडेसहाला जेवायला बसलात तिथेच घोळ झाला. त्या वेळी तिथला माणूस जेवत नाही. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. मधल्या वेळात चांगल्या ठिकाणची चूल बंद असते. साडेसहाला जे स्वयंपाकघर सुरू असतं ते लीड्स-लिव्हरपूलहून उतरलेल्यांसाठी, आणि तिथे फ्रीझरमधून निघेल ते ताटात. पाएया तर दुपारचाच पदार्थ. रात्री भात जड पडतो म्हणतात ते लोक, अगदी आपल्या आजीसारखं.

आणि ते तारे कोण देतं? चिप्स गरम, बिअर थंड, वेटरला इंग्रजी येतं: घ्या पाच तारे.

मी अकरा वर्षं लीड्सला आहे, बेनिडॉर्म चारदा झालं. पहिल्या खेपेला मीही असाच फसलो. दुसऱ्या खेपेला धाकट्याला ताप आला, औषधाच्या दुकानात गेलो, तिथल्या बाईंना खुणेनेच विचारलं की तुम्ही कुठे जेवता. किनाऱ्यापासून चार गल्ल्या आत, सव्वादोनची वेळ. टेबलावर कागद अंथरलेला. शेजारी रंगाचे शिंतोडे उडालेल्या कपड्यांतले तीन रंगारी. फळ्यावर खडूने चार पहिले पदार्थ, चार दुसरे. मेनू देल दिआ, म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक दरातलं जेवण, चौदा युरो, पाव-पेय-गोड सगळं त्यात. बिनलेबलाची वाइनची बाटली आणि गोड सोडा टेबलावर आणून ठेवला, किती प्यायलात कुणी बघत नाही. रंगारी वाइनमध्ये सोडा ओतून पीत होते, मग मीही तसंच केलं. समोर समुद्र नव्हता, एक गॅरेज होतं. त्या सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण तेच.

फोटोंचे फलक, सहा भाषा, बाहेर उभा राहून 'या या' करणारा माणूस, एकाच कार्डावर पिझ्झा, बर्गर आणि पाएया. यातलं काहीही दिसलं की पुढे चला. एवढं सोपं आहे.

पुणेरी पाहुणा:
सोपं? माझ्यासोबत ७४ वर्षांची मधुमेही आई, सहा वर्षांची मुलगी आणि उन्हाने लाल झालेली बायको होती. आईला साडेबाराला जेवण लागतं. तिला सांगू का, 'थांब, रंगारी येईपर्यंत'? सुट्टी म्हणजे परीक्षा नव्हे की आधी अभ्यास करून जायचं. पैसे मोजून गेलो होतो. ज्या गावाचं पोटच पर्यटकांवर चालतं, त्याने पर्यटकाला धड जेवू घालू नये आणि वर दोष पर्यटकाचा!

आणि तुमच्या त्या 'अस्सल' मेनू देल दिआबद्दल. १९६० च्या दशकात हुकूमशहा फ्रँकोचा पर्यटनमंत्री मानुएल फ्रागाच्या काळात सरकारने ठरावीक दराचा 'पर्यटक मेनू' सक्तीचा केला, त्याचंच ते पुढचं रूप. म्हणजे तुमचे रंगारी जे खात होते ते मुळात माझ्यासारख्यांसाठीच निघालं होतं. बसा आता.

लेस्टरची वहिनी:
पाहुण्यांना माझं अनुमोदन. शाकाहाऱ्यांचे हाल कुणी विचारू नका. 'मांस नको' म्हटलं तर हॅम घालून आणतात, कारण हॅम म्हणजे त्यांच्या लेखी मांस नाहीच. एन्सालादा मिक्स्ता, म्हणजे मिश्र सॅलड, मागवलं की ट्यूना आणि अंडं ठरलेलं. आणि तो मेनू देल दिआ! फळ्यावर 'लेंतेखास' दिसलं, फोनने सांगितलं मसूर. वा, वरण मिळालं म्हणून मी आनंदाने अर्धी वाटी संपवली. चमच्याला काहीतरी लागलं. लालसर चकती. चोरिसो, डुकराच्या मांसाचं सॉसेज. चौदा युरोत धर्म बुडाला.

दर्यावर्दी:
वहिनी, त्याबद्दल खरंच सहानुभूती. पण 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस नको, मासा नको, हॅम नको) अशी तिन्ही नावं घेऊन सांगायचं असतं. पिमियेन्तोस दे पाद्रोन (तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या), एस्कालिवादा (भाजलेल्या भाज्या), टोमॅटो चोळलेला पाव, भाज्यांचा भात...

लेस्टरची वहिनी:
भाज्यांचा भात कुठल्या पाण्यात शिजतो ते विचारलंत कधी? माशाच्या. मी विचारलं होतं. वेटर म्हणाला, 'पण मासा काढून घेतो ना!'

मालवणी तिरफळ:
वहिनी, तो भात मी खाल्लाय. आरोस अ बांदा म्हणतात, मासा वेगळा, त्याच्या रश्श्यात शिजवलेला भात वेगळा. काय सांगू! आमच्याकडे तोंडाला पाणी, तुमच्याकडे डोळ्यांत. दुसरा एक असतो 'सेन्योरेत', त्यात कोळंबी-बिळंबी सगळं सोलून घालतात, साहेबाचे हात खराब नकोत म्हणून. आमच्या मुंबईच्या जावयाला हाच द्यावा लागतो.

दर्यावर्दींना एकच सांगणं, सोमवारी मासे खाऊ नका. शनिवार-रविवार तिथले ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, सोमवारच्या ताटात शुक्रवारचा मासा. आपल्याकडे तरी काय वेगळं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तरी पावसाळी पर्यटक मालवणात येऊन 'ताजी सुरमई' खातात आणि पाच तारे देतात. त्यांना वाटतं सुरमई विहिरीत मिळते.

हिशेबनीस:
मासे कुठल्याही वारी खा, आधी भाव विचारा. कार्डावर किमतीच्या जागी 'बाजारभावाप्रमाणे' लिहिलेलं असतं, आणि भाव किलोवर. आम्ही दोघांनी एक मासा घेतला, वेटरने ताटात आणून दाखवला, आम्ही कौतुकाने मान हलवली. बिल ९६ युरो. मी 'ओखा दे रेक्लामासिओनेस' मागितलं, म्हणजे तक्रारीचा छापील कागद. तो प्रत्येक ठिकाणी ठेवावाच लागतो. नाव काढताच मालक बाहेर आला आणि कॉफी-गोडाचे पैसे वजा झाले. माशाचे नाहीत. तात्पर्य, मान हलवू नका.

नाना बोरीबंदर:
मुळात त्या सिमेंटच्या जंगलात जायचंच कशाला? समोर १८६ मीटरचं हॉटेल, खाली इंग्रजांची गर्दी. स्पेन बघायचं तर आत जा.

अलिकांतेकर:
नाना, त्या जंगलाला उगाच शिव्या नकोत. मी जवळच राहतो, नऊ वर्षं झाली. ते कोळ्यांचं गाव होतं, तिथले लोक ट्यूनाची जाळी लावण्यात वाकबगार. १९५० च्या दशकात पेद्रो सारागोसा नावाच्या नगराध्यक्षाने किनाऱ्यावर बिकिनी चालू दिली, चर्च भडकलं, तेव्हा हा गडी स्कूटरवरून माद्रिदला फ्रँकोकडे गेला असं सांगतात. १९५६ चा नगर आराखडाही त्याच्याच काळातला. उंच बांधलं म्हणून बाकीचा डोंगर मोकळा राहिला.

खाण्याबद्दल दोघांचंही अर्धं बरोबर. जुन्या गावात काये सान्तो दोमिंगो नावाची गल्ली आहे, पर्यटकांनी भरलेली असते, तरी पिंचो बरे मिळतात आणि दुपारी-संध्याकाळी उभ्या-उभ्या पोट भरतं. पाहुण्यांच्या आईंना साडेबाराला तिथे नेता आलं असतं. पावाच्या तुकड्यावर काहीतरी रचून काडी खोचलेली असते, शेवटी काड्या मोजून बिल. माझ्या मुलाने एकदा तीन काड्या खिशात घातल्या, घरी चड्डी धुवायला टाकताना सापडल्या. बायकोने दुसऱ्या दिवशी परत पाठवलं, पैसे द्यायला. ट्रॅमने वीसेक मिनिटांवर वियाहोयोसा आहे, तिथे माशांचा लिलाव होतो आणि आसपास चांगलं खायला मिळतं.

आणि दर्यावर्दी, पिवळाधमक म्हणजे बनावट हे डोक्यातून काढा. केशर परवडत नाही म्हणून इथे घरोघरी भाताला पिवळा खायचा रंगच घालतात. ओळख रंगावर नाही, जाडीवर. चांगला भात परातीत बोटभरही जाड नसतो. आणि तळाला सोकारात हवं.

पुणेरी पाहुणा:
हे सोकारात म्हणजे तळाला करपलेलं ना? तेही मिळालं आम्हाला! वर भात कच्चा, खाली करपलेला, दोन माणसांचा घ्यावाच लागेल म्हणून ३६ युरो. आई म्हणाली, 'अरे, याला अजून एक शिटी हवी होती.'

मालवणी तिरफळ:
करपलेलं?? खरवड म्हणा, खरवड! आमच्या घरी टोपाच्या तळाची खरवड कुणी खायची यावरून भावाभावांत मारामाऱ्या झाल्यात. आजी उलथन्याने काढून वर तूप सोडायची. कुकर आला आणि एका पिढीची खरवड गेली. पुण्यात भाताचा गोळा करतात म्हणून सुटा दाणा दिसला की कच्चा वाटतो.

पुणेरी पाहुणा:
पुण्यातल्या भाताबद्दल मालवणने बोलू नये. उकडा तांदूळ चावून चावून जबडे दुखतात तुमचे. आंबेमोहोराचा मऊ भात, वर वरण, तूप, लिंबू. त्यापुढे तुमची परात झक मारते.

हिशेबनीस:
कुठला आंबेमोहोर? पुण्यात निम्म्या दुकानांत इंद्रायणी 'आंबेमोहोर' म्हणून गळ्यात मारतात. मी शिजवून वास घेऊन परत केलाय. दुकानदार म्हणाला, 'काका, वास हवा तर अत्तर लावा.'

लेस्टरची वहिनी:
इंद्रायणीला नावं ठेवायची नाहीत हं. इथे लेस्टरला पाच किलोची पिशवी मिळते, तिच्यावर आमचे सण चाललेत. भाव वाढला ते वेगळं.

नाना बोरीबंदर:
कोलम. विषय संपला.

हिशेबनीस:
कोलम हा तांदूळ आहे?

मालवणी तिरफळ:
नाना, ज्याला कोलम आवडतो त्याने भातावर बोलूच नये, पाव खावा.

अलिकांतेकर:
धागा बेनिडॉर्मचा, गाडी मावळात. पण आता निघालंच आहे तर: इथला बोम्बा तांदूळ आखूड, जाड, रस्सा भरपूर पितो तरी फुटत नाही. ढवळायचा नाही, झाकायचाही नाही. आतून किंचित टणक राहणं हा दोष नाही, तसाच हवा असतो. पाहुण्यांच्या आईंना आवडला नाही हे ठीक, पण तो कच्चा नव्हता.

पुणेरी पाहुणा:
बरं बाबा, नव्हता कच्चा. आमचे दात कच्चे.

दर्यावर्दी:
पाहुणे, रागावू नका. आईंच्या वेळेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, मान्य. माझं पोरगं दोनपर्यंत चिप्सच्या पुड्यांवर थांबतं, आजीला तसं थांबवता येत नाही. पण ताऱ्यांबद्दल मी बोललो ते कायम.

पुणेरी पाहुणा:
ऑक्टोबरच्या सुट्टीत पुन्हा जातोय. तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून, तुमच्या धाग्यामुळे नव्हे, गैरसमज नसावा. साडेबाराला त्या काड्यांच्या गल्लीत जाऊन बघू. आणि आईला हा धागा वाचून दाखवला. माशाच्या पाण्याशिवाय करून देणारं कुणी असेल तर तो भात परत खायला तयार आहे. ती विचारतेय, खरवडीवर तूप देतात का?

अलिकांतेकर:
आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर भाज्यांच्या पाण्यात करून देतात, मी करतो फोन. तूप नाही मिळणार. सोबत आलिओली देतात.

पुणेरी पाहुणा:
त्यात काय असतं?

अलिकांतेकर:
लसूण, तेल आणि बहुतेक ठिकाणी अंडं.

पुणेरी पाहुणा:
ऑक्टोबरात आईचा चातुर्मास चालू असेल हो. कांदा, लसूण, वांगं बंद.

दर्यावर्दी:
मग दशम्या न्याच.