'ट्रान्सलेट' म्हणजे भाषांतरच का? (मॉर्मन संदर्भात मराठी शब्द हवाय)

काजवा:
मी सॉल्ट लेक सिटीच्या जवळ राहतो, आजूबाजूला सगळे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, त्यांच्यावर मराठीत एक लेख लिहायला घेतलाय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडून बसलोय. त्यांचा पंथ काढणाऱ्या जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावात 'बुक ऑफ मॉर्मन' हे त्यांचं धर्मपुस्तक छापून घेतलं, आणि ते आपण सोन्याच्या पत्र्यांवरच्या प्राचीन लिपीतून 'ट्रान्सलेट' केलं असं तो सांगायचा. मी सरळ 'भाषांतर' लिहून मोकळा झालो होतो. पण भाषांतर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, एकीकडे मूळ पुस्तक, एकीकडे कोरा कागद, मध्ये कोश. इथे तसं काहीच नाहीये. जोसेफ टोपीत एक खडा ठेवायचा, टोपीत तोंड खुपसायचा आणि दिसेल ते बोलायचा, समोरचा उतरवून घ्यायचा. त्याची बायको एमा, तिनेही काही दिवस लेखनिकाचं काम केलं, ती सांगते की पत्रे टेबलावर तागाच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेले असायचे. म्हणजे मजकुराकडे बघायचंच नाही आणि भाषांतर करायचं! याला मराठीत काय म्हणायचं? भावानुवाद? साक्षात्कार?

जुनीवही:
भावानुवाद नको, त्यालाही मूळ वाचावंच लागतं. आपल्याकडे समश्लोकी, टीका, छायानुवाद, रूपांतर असे कितीतरी प्रकार आहेत पण सगळ्यांत मूळ संहिता लिहिणाऱ्यासमोर असते.

एक बघा, जोसेफच्या काळच्या बायबली इंग्रजीत 'ट्रान्सलेट'चा आणखी एक अर्थ होता. बायबलातला हनोख न मरता देवाकडे गेला, तिथे हेच क्रियापद आहे. एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेणं. आपल्याकडे भाषांतर आणि लोकांतर हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा, तिथे एकाच शब्दाने दोन्ही कामं केली. आणि १८३० ते ३३ मध्ये त्याने बायबलचंही 'ट्रान्सलेशन' केलं, ते छापील इंग्रजी बायबलावरून इंग्रजीतच, हिब्रू तर तो नंतर शिकायला लागला. तेव्हा त्याच्या तोंडी हा शब्द आपल्यापेक्षा रुंद होता हे धरून चाला. मी 'प्रकटीकरण' सुचवेन, मराठी ख्रिस्ती वाचकाला तो ओळखीचा आहे.

शब्दवेडी:
प्रकटीकरणाला माझा ठाम विरोध आहे, कारण त्याने सगळा वादच पुसला जातो.

जोसेफच्याच दुसऱ्या धर्मपुस्तकाचं, अब्राहमच्या पुस्तकाचं बघा ना. १८३५ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला एक माणूस इजिप्तच्या ममी आणि पपायरस घेऊन आला, जोसेफच्या लोकांनी ते २४०० डॉलरला विकत घेतले आणि जोसेफ म्हणाला यात बायबलातल्या अब्राहमने स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर आहे. मग तिथे इजिप्शियन भाषेची मुळाक्षरं आणि व्याकरण लिहायला घेतलं, त्या वह्या आजही आहेत. व्याकरण कोण मांडतं? ज्याला वाचायचंय तोच ना? १८४२ मध्ये ते छापलं तेव्हा सोबत चित्रं दिली, प्रत्येक आकृतीला नंबर आणि खाली खुलासा. तिसऱ्या चित्रात आकृती २ च्या खुलाशात म्हटलंय की हा राजा फेरो, त्याचं नाव डोक्यावरच्या अक्षरांत दिलंय. इजिप्तची लिपी येणारे लोक तीच आकृती आयसिस देवीची म्हणून ओळखतात. मग इथे लोकांतराचा अर्थ कसा लावणार, तो तर डोक्यावरची अक्षरं वाचल्याचं सांगतोय!

पुढे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्या पपायरसचे तुकडे मॉर्मन चर्चला दिले, ते निघाले मृतांसोबत, त्यातले काही होर नावाच्या पुजाऱ्यासोबत, पुरायचे अंत्यविधीचे मंत्र. अब्राहमचं नावही नाही. हे आता चर्चही मान्य करतं.

काजवा:
तुमचं वाचून घरातल्या त्यांच्या धर्मग्रंथांच्या दोन प्रती काढल्या, एक १९८१ च्या आवृत्तीची, शेजारच्या आजींनी दिलेली, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, आणि एक नवीन. अब्राहमच्या पुस्तकाची ओळख जुन्या प्रतीत 'इजिप्शियन पपायरसवरून केलेलं भाषांतर' अशा अर्थाची आहे. नवीनमध्ये (२०१३ ची आवृत्ती) 'अब्राहमच्या लेखनाचं प्रेरित भाषांतर', आणि पुढे की पपायरस मिळाल्यावर त्याने भाषांतराला सुरुवात केली. बघा कसं सरकलंय. आधी 'वरून', आता 'मिळाल्यावर'.

दुसरं, बुक ऑफ मॉर्मनच्या प्रस्तावनेत लामनाइट लोक (त्या पुस्तकातली एक जमात) हे आधी अमेरिकन इंडियनांचे 'मुख्य पूर्वज' होते, आता 'पूर्वजांपैकी' आहेत. हा बदल २००७ मध्ये बाहेर आला, डीएनएवरून वाद चालू असतानाच. मराठीत फक्त एक 'पैकी' लावायचा, पण त्या एका 'पैकी'त किती लोकांची वंशावळ हलली असेल! आजींना दाखवलं, त्या दोन्ही पानं बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, देव अजून बोलतोय ना, मग शब्द बदलणारच.

जुनीवही:
आजी बोलल्या ते त्यांच्या श्रद्धेचं कलमच आहे, देवाने प्रकट केलं, करतो आणि पुढेही करेल. १८९० मध्ये बहुपत्नीत्व थांबवायचं जाहीर केलं, १९७८ मध्ये काळ्या पुरुषांना पौरोहित्य खुलं केलं, दोन्ही वेळा याच वाटेने. म्हणून मला वाटतं पुढेही ते ग्रंथ टाकून देणार नाहीत, ग्रंथाभोवतीचे शब्द बदलतील, प्रस्तावना, मथळे, टिपा. जोसेफला मानणारी दुसरी शाखा, आताची कम्युनिटी ऑफ क्राइस्ट, तिने वेगळी वाट धरली, ऐतिहासिक खरेपणाचा आग्रह सैल केला, नावही २००१ मध्ये बदललं. ती खूप लहान आहे आणि सॉल्ट लेकवाल्यांना, म्हणजे मुख्य चर्चला, ते दिसतंच. पण बदल थांबणार नाही, हे मी मनापासून सांगतो.

शब्दवेडी:
बदलू दे की, माझा राग बदलावर नाहीच. ज्यांनी पन्नास वर्षं 'मुख्य पूर्वज' शिकवलं त्यांना कोणी येऊन सांगितलं नाही की आता 'पैकी' म्हणा, हे लागतं मनाला. तिकडे मॉर्मन लोकांत 'शेल्फ' म्हणतात ना, न सुटलेले प्रश्न ठेवायची फळी, आणि एक दिवस वजनाने ती मोडते. आपण म्हणू प्रश्न माळ्यावर टाकले. पण माळा मोडत नाही हो, म्हणून तिथे 'फळी मोडली' असंच लिहा, कळतं.

काजवा:
फळी घेतली. आणि ठरलं, जोसेफ बोलतोय तिथे सगळीकडे 'भाषांतर', कारण त्याने दावा तोच केला होता. चर्चची आजची भूमिका येते तिथे 'प्रेरित भाषांतर' आणि शेजारी साल. प्रकटीकरण नाही. आता 'सीअर स्टोन'ला, म्हणजे टोपीतल्या त्या दगडाला, काय? २०१५ मध्ये चर्चने त्याचे फोटो छापले, चॉकलेटी, अंड्याएवढा, पट्टे असलेला. द्रष्टा-पाषाण लिहिलं तर देवळातल्या मूर्तीसारखं वाटतंय.

जुनीवही:
पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही स्वतःच 'खडा' लिहिलंय की. तेच ठेवा.