'स्वयंघोषित' लिंग म्हणावे का? लिंगनोंदीच्या कायद्यांतले शब्द

शीवकर :
लिंगओळखीच्या कायद्यांवरच्या एका लेखाचे मराठी चालू आहे. स्कॉटलंड, जर्मनी आणि भारत अशा तीन ठिकाणच्या वादांची त्यात तुलना आहे. प्रश्न तिन्हीकडे एकच: कागदावर आपण पुरुष, स्त्री की आणखी काही, हे माणसाने स्वतः सांगितले की पुरे, की डॉक्टर, समिती, मुदत अशा चाळण्यांतून जायचे? पहिल्या पद्धतीला इंग्रजीत 'सेल्फ आयडेंटिफिकेशन' म्हणतात. त्याचे मी 'स्वयंघोषित लिंग' केले. तपासणाऱ्यांनी शब्दाखाली रेघ मारली : "मराठीत स्वयंघोषित बाबा असतो, स्वयंघोषित नेता असतो. पहिल्याच ओळीत वाचक या माणसांना तोतया समजेल." हरकत पटली. पण 'स्वयंनिर्धारित', 'आत्मनिर्णीत' हे वाचताना जीभ अडखळते. काय लिहावे? 'अक्वायर्ड जेंडर' (जन्मनोंदीतल्याहून वेगळे, माणसाने पुढे स्वीकारलेले लिंग) आणि 'रेकग्निशन' (शासनाने ते कागदोपत्री मानणे) यांनाही शब्द हवे आहेत.

कोशप्रेमी :
विशेषण बदनाम आहे, नाम नाही. 'स्वयंघोषणापत्र' सेतू केंद्रात रोज शेकड्याने भरले जाते. राज्य शासनाने २०१५ मध्ये बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढली आणि त्याजागी ते आणले. उत्पन्नाच्या दाखल्याला ते जोडणाऱ्याला कोणी तोतया म्हणत नाही. तेव्हा 'स्वयंघोषित लिंग' खोडा आणि 'स्वयंघोषणेवरून लिंगनोंद' लिहा.

वांद्रे पूर्व :
कोशप्रेमी, भारताच्या बाबतीत हे चुकेल. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत स्वयंघोषणापत्र नव्हते, प्रतिज्ञापत्र होते. राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि अर्ज पूर्ण असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याने ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचे. वैद्यकीय वा शारीरिक तपासणी करायची नाही, असे नियमांत स्पष्ट लिहिले होते. अर्ज नाकारला तर कारण कळवायचे, आणि त्यानंतर ९० दिवसांत अपील. मुंबईत जिल्हे दोन, त्यामुळे फोर्टातले जुने कस्टम हाउस की वांद्रे, हे राहत्या पत्त्यावरून ठरते. अर्जावरचा पत्ता एका जिल्ह्यातला आणि जोडलेला पुरावा दुसऱ्यातला असला की काम अडते. प्रतिज्ञापत्रातल्या नावाचे आणि आधारवरच्या नावाचे अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

तुमच्या शब्दाच्या दृष्टीने मात्र पुढचा भाग महत्त्वाचा. या कायद्याच्या २०१९ मध्ये संमत झालेल्या पाठात कलम ४ सांगते की माणसाला स्वतःला जाणवणाऱ्या लिंगओळखीचा हक्क आहे. कलम ५ आणि ६ मधून जे प्रमाणपत्र मिळते ते 'ट्रान्सजेंडर व्यक्ती' म्हणून. त्यावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून हवे असेल तर कलम ७, म्हणजे आधी शस्त्रक्रिया, मग वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकारी यांचा दाखला, मग सुधारित प्रमाणपत्र. म्हणजे एका कायद्यात दोन दारे, आणि 'स्वयं' हे उपपद पहिल्याच दाराला लागू पडते. सगळ्या कायद्याला 'स्वयंघोषणेची पद्धत' म्हटले तर दुसऱ्या दाराशी थांबलेली माणसे लेखातून गायब होतील.

शीवकर :
हे फार उपयोगी पडले. याच कायद्याच्या आधीच्या, २०१६ च्या विधेयकातली 'स्क्रीनिंग कमिटी' मी 'छाननी समिती' केली आहे. चालेल ना?

वांद्रे पूर्व :
चालेल. मुख्य वैद्यकीय अधिकारी, जिल्हा समाजकल्याण अधिकारी, मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, समुदायाचा एक प्रतिनिधी आणि एक शासकीय अधिकारी अशी ती पाच जणांची होती. २०१९ च्या पाठातून ती गेली. 'पडताळणी समिती' मात्र लिहू नका. महाराष्ट्रात तो शब्द ऐकला की जात पडताळणीच आठवते, आणि तिथे बापजाद्यांचे महसुली उतारे तपासतात. इथे तपासायला असे काही नसतेच, सगळ्या वादाचे मूळच ते आहे.

अनुस्वार :
'अक्वायर्ड' बघू. 'संपादित' म्हटले की भूसंपादन डोळ्यांपुढे येते, नाहीतर अंकाचे संपादन. 'अर्जित' म्हटले की अर्जित रजा. 'प्राप्त' शब्दात कोणीतरी दिल्याचा भास आहे. 'धारण केलेले' तर पूर्ण वर्ज्य, कारण धारण करतात ते सोंग. 'अंगीकारलेले' मला बरे वाटते, त्यात अंगही आहे आणि स्वीकारही.

ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यात त्या लिंगात दोन वर्षे 'लिव्ह' केल्याचा पुरावा मागतात. तिथे 'जगणे' नको, 'वावरणे' घ्या. चार लोकांत, कामावर, शेजारीपाजारी माणूस कोण म्हणून वावरतो, तेवढेच कागदांवरून दाखवता येते. स्कॉटलंडच्या विधेयकाने डॉक्टरी निदानाची अट काढली, वावराची मुदत तीन महिने केली, १६ आणि १७ वर्षांच्यांसाठी सहा महिने, आणि वर तीन महिने विचाराला. २२ डिसेंबर २०२२ ला ते ८६ विरुद्ध ३९ मतांनी संमत झाले. जानेवारी २०२३ मध्ये लंडनच्या सरकारने १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याचे कलम ३५ वापरून ते राजसंमतीआधीच अडवले. म्हणून लेखात 'कायदा' लिहू नका, ते 'विधेयक'च राहिले.

मोडी :
जर्मनांनी शब्दाचा घोळ घातलाच नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या त्यांच्या कायद्याच्या नावाचे शब्दशः मराठी 'लिंगनोंदीबाबत स्वयंनिर्णयाचा कायदा' असे होते. 'स्वयंनिर्णय' मराठीला नवा नाही, राष्ट्रांचा स्वयंनिर्णयाचा हक्क आपण शाळेत शिकतो. आणि 'लिंगनोंद' हा नेमका शब्द, कारण कायदा बदलतो ती नोंद. तीन महिने आधी सूचना द्यायची, मग नोंदणी कार्यालयात समक्ष घोषणा करायची. सूचनेपासून सहा महिन्यांत घोषणा केली नाही तर सूचना रद्द होते. १९८० च्या जुन्या कायद्यात तज्ज्ञांचे दोन अहवाल आणि न्यायालय होते, ते सगळे गेले.

कोशप्रेमी :
'स्वयंनिर्णय' उत्तम. माझा 'स्वयंघोषणा' मागे घेतो. मात्र 'जेंडर'ला 'लिंगभाव' आणि 'सेक्स'ला 'लिंग' हा भेद पाळायलाच हवा. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या समता कायद्यातल्या 'सेक्स'चा अर्थ जैविक लिंग असा लावला. दोन्हीला 'लिंग' म्हटले तर हा निकाल मराठीत सांगताच येत नाही.

मोडी :
जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे, आणि कायदा तरीही झाला. मराठी वाचक 'लिंगभाव' वाचतो तेव्हा त्याला वाटते की हा कसला तरी भाव आहे, मनातली लहर आहे. अर्जावरच्या रकान्यात 'लिंग' असते, 'लिंगभाव' कुठेही नसतो.

अनुस्वार :
'लिंग' म्हणजे मुळात खूण. धूर हे अग्नीचे लिंग, असे न्यायदर्शनातले तर्कशास्त्र म्हणते. व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात स्तन-केस असतील ती स्त्री, अंगावर लोम असेल तो पुरुष, अशी शरीरावरची व्याख्या मांडली आणि शब्दांना ती लागू पडत नाही म्हणून सोडून दिली. शेवटी तो म्हणतो, 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य'. लिंग नियमाने शिकवायची गोष्ट नाही, ते लोकांच्या आश्रयाने असते.

वांद्रे पूर्व :
ते खाटेच्या आणि झाडाच्या लिंगाबद्दल आहे. माणसांच्या हक्काला त्याचा आधार देऊ नका, उद्या कोणी दुसरा श्लोक आणेल. आणि 'लोकाश्रय' म्हणजे चार लोक म्हणतील ते लिंग, असाही अर्थ निघेल. या माणसांना नेमके तेच नको आहे.

धोबीतलाव :
सगळे 'जेंडर'वर अडलेत, पण लेखात माणसांना काय म्हणणार आहात? 'तृतीयपंथी' लिहिलेत तर निम्मे लोक बाहेर जातात. ट्रान्स पुरुषाला कोणी तृतीयपंथी म्हणत नाही, आणि जी स्वतःला स्त्री म्हणते तिला तिसऱ्या पंथात बसवणारे आपण कोण? १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुरुष, स्त्री किंवा तृतीय असे तिन्ही पर्याय ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. सरळ 'ट्रान्स' लिहा.

कोशप्रेमी :
'पारलिंगी' आहे ना. पार म्हणजे पलीकडे. घडणीला शुद्ध आणि कोणालाही न दुखवणारा. 'महापौर'ही एकेकाळी नवाच होता.

धोबीतलाव :
महापौर हे पदाचे नाव आहे. ते कोणी स्वतःला ओळखायला घेत नाही. इथे माणसांनी स्वतःसाठी 'ट्रान्स' घेतलेला आहे. 'पारलिंगी' वापरणारे कार्यकर्तेही आहेत, त्यांच्या तोंडी तो असू द्या. पण आपण कोशातून तो काढून दुसऱ्यावर लादायचा नाही.

मोडी :
घडवलेल्या शब्दाने किती घोळ होतो ते हिंदीत पाहा. २०१९ च्या कायद्याचे अधिकृत हिंदी नाव 'उभयलिंगी व्यक्ति' असे आहे. मराठी वाचकाला उभयलिंगी म्हणजे जास्वंदीचे फूल, नाहीतर 'बाग' आणि 'वेळ' असे दोन्ही लिंगांत चालणारे शब्द.

अनुस्वार :
अवांतर : भायखळ्याला 'राणीची बाग' म्हणणारेही आहेत आणि 'राणीचा बाग' म्हणणारेही. मूळ फारसी शब्दाला लिंगच नाही.

कोशप्रेमी :
'राणीचा बाग' हेच जुने.

मोडी :
जुने म्हणजे बरोबर असे नाही. आज छापून येते ते 'राणीची बाग'.

शीवकर :
बागेवरून परत यावे, ही विनंती. 'रेकग्निशन' राहिलेच आहे. 'मान्यता' की 'ओळख'?

वांद्रे पूर्व :
'मान्यता' वरून खाली येते. शाळेला मान्यता, पक्षाला मान्यता, आणि देणारा ती काढूनही घेतो. 'ओळख' माणसाची स्वतःची असते, पण शासन काय करते ते त्यातून कळत नाही. म्हणून एक शब्द करू नका. माणसाची 'ओळख', शासनाची 'नोंद', असे दोन ठेवा.

अर्जाच्या मजकुराकडेही बघा. राज्याच्या स्वयंघोषणापत्राचा छापील मजकूर "मी ... श्री. ... यांचा मुलगा/मुलगी" असा सुरू होतो आणि "याद्वारे घोषित करतो/करते की" असा पुढे जातो. लिंगाचा रकाना येण्याआधीच मराठी क्रियापद माणसाकडून उत्तर मागते. प्रतिज्ञापत्राचे मराठी लिहिणाराही हाच साचा उचलतो. 'करतो' खोडायचे राहिले आणि खाली नाव स्त्रीचे असले, की एकाच कागदात दोन माणसे बोलतात.

धोबीतलाव :
"घोषित करीत आहे" लिहिले की सुटते. 'मी करीत आहे' दोघांनाही चालते. 'मुलगा/मुलगी'च्या जागी 'अपत्य'. "शिक्षेस पात्र राहीन" आधीपासूनच ठीक आहे.

अनुस्वार :
आणि कलम ४ साठी "मी स्वतःला स्त्री समजतो/समजते" ऐवजी "मी स्त्री असल्याचे मला जाणवते". 'मला' आले की क्रियापद कर्त्याचे लिंग विचारत नाही.

कोशप्रेमी :
'जाणवते' प्रतिज्ञापत्रात टिकणार नाही. जाणवणे म्हणजे अंदाज. थंडी जाणवते, उणीव जाणवते. शपथेवर 'आहे' हवे : "मी स्त्री आहे."

अनुस्वार :
त्याच स्वयंघोषणापत्राची शेवटची ओळ वाचा : "याची मला पूर्ण जाणीव आहे." शिक्षेच्या बाबतीत जाणीव शपथेला पुरते, तर इथे का पुरू नये?

वांद्रे पूर्व :
"मी स्त्री आहे" वाक्य म्हणून सर्वांत सरळ. पण पहिल्या दाराच्या अर्जात ते लिहिले तर पुढचा कारकून कलम ७ चा दाखला मागेल.