कौलारू घरातलं स्वयंपाकघर चाळीस हजारांत सुधारायचंय

प्रश्न (गुहागर)
घर समुद्रापासून दहा मिनिटांवर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. ओटा कडप्प्याचा. १९८८ साली सासूबाईंनी चूल काढून बांधून घेतलेला. त्यावर आगळाचे (कोकमाच्या आंबट रसाचे) पांढरट डाग पडलेत, कितीही घासले तरी जात नाहीत. खालच्या प्लायच्या ट्रॉल्या सहा पावसाळ्यांत फुगल्या, बोट लावलं की पापुद्रे सुटतात. मागच्या भिंतीच्या ऑइलपेंटला श्रावणापर्यंत फोड येतात, आणि भरदुपारी दिवा लावावा लागतो. हाताशी ४० हजार आहेत. ओटा मात्र तोडायचा नाहीये. सासूबाई त्याच्या कडेवर सुरी घासून धार लावतात, तिथे बोटभर खाच पडलीय. ती मला जपायचीय.

उत्तर (देवगड)
ओटा अजिबात तोडू नका. कडप्पा म्हणजे चुनखडीच, आंबट सांडलं की दगड खाल्ला जातो. म्हणून ते घासून जात नाही. फरशी पॉलिशवाल्याकडून पुन्हा घासून घ्या. कोकमं, कैऱ्या चिरायला सिंकजवळ ग्रॅनाइटचा दोन फुटी तुकडा बसवा. दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात देतात. आमच्याकडे तसाच आहे, त्यावर डाग नाही.

उत्तर (रत्नागिरी, सुतारकाम करतो)
ताई, पुन्हा साधा प्लाय नको. घालायचाच तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या आणि चारी कडा बंद करून घ्या, पाणी कडेतूनच शिरतं. पैसे वाचवायचे तर कडप्प्याचे उभे कप्पे करून पुढे पीव्हीसीची दारं लावा. बास्केट ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. दुकानदार चुंबक चिकटत नाही म्हणून ३०४ च आहे असं दाखवतात, पण २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि खाऱ्या हवेत ते लवकर गंजतं. बिलावर ३०४ लिहून घ्या.

उत्तर (वेंगुर्ला)
भिंतीचं मी सांगते. चिरा पाणी पितो, त्याला ते बाहेर सोडायला वाट लागते. ऑइलपेंटने ती बंद होते, म्हणून फोड. पेंट पूर्ण खरवडा, उन्हाळाभर भिंत सुकू द्या, मग चुन्याचे दोन हात. त्याआधी बाहेरून पागोळ्या भिंतीवर उडतात का ते बघा, उडत असतील तर पन्हळ लावून घ्या. आणि उजेडासाठी ओट्यावर काचेची कौलं! आम्ही तीन बसवली, सकाळचा डबा आता दिव्याशिवाय होतो.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. चुन्याचं ऐकून म्हणाल्या, "पूर्वी दर दिवाळीला आम्ही तेच करत होतो." कौलं चाळायला माणूस मे महिन्यात येतोच, काचेची तेव्हाच बसवून घेते. पॉलिशवाल्याला खाच सोडून घासायला सांगितलंय.