आवडत्या टीमच्या मॅचसाठी परदेशवारी : पुणेकरांनो, अनुभव लिहा

एकदिवसीय विश्वचषक २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात आहे. आमच्या सिंहगड रोडच्या ग्रुपचं ‘या वेळी जायचंच’ असं अमृततुल्यवर बसून ठरलंय. दिवाळी त्याच सुमारास येतेय, हा विषय अजून एकानेही घरी काढलेला नाही. आपल्या टीमसाठी बाहेर जाऊन आलेल्यांनी लिहा. मॅचचं तिकीट, विमान, व्हिसा, रजा हे सगळं एकमेकांत कसं बसवलंत? शहरांची वर्णनं नकोत, ती यूट्यूबवर ढिगाने आहेत.

कोथरूड
लंडनचं ओव्हल ग्राउंड, २०२५, भारत-इंग्लंड. कसोटीचं तिकीट त्या त्या दिवसाचं असतं. पाचव्या दिवसाचं स्वस्तात मिळतं, कारण तोवर मॅच टिकेलच असं नाही. आम्ही चौथा आणि पाचवा दिवस घेतला होता. ही म्हणाली, “सोमवारी कसली मॅच, विंडसरचा किल्ला बघू.” रविवारी इंग्लंडच्या रूट आणि ब्रुकची शतकं झाली तेव्हा मीही मनातून विंडसरला पोहोचलो होतो. मग दोघंही आउट झाले, उजेड गेला, पाऊस आला. इंग्लंडला हव्यात ३५ आणि हातात चार विकेट, अशा अवस्थेत खेळ थांबला!

आमचं परतीचं विमान सोमवारी रात्रीचं होतं, म्हणून जमलं. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर टाकून सकाळी ग्राउंड गाठलं. त्यांचा जखमी वोक्स एक हात स्वेटरच्या आत बांधून बॅटिंगला उतरला. धावताना कळ गेली की त्याचा चेहरा पिळवटायचा, आणि आमच्या शेजारचे इंग्रज आजोबा दर वेळी मान फिरवायचे. सिराजने ॲटकिन्सनला यॉर्करवर उडवलं, सहा धावांनी जिंकलो. सगळा कारभार तासाभरात आटोपला. त्याच मॅचला आलेले कितीतरी लोक रविवारच्या रात्रीच्या विमानाने गेले होते. कसोटीला जाणार असाल तर परतीचं विमान पाचव्या दिवशी रात्रीच्या आत घेऊ नका, बास.

सदाशिव पेठ
मँचेस्टर, २०१९, वर्ल्डकपची न्यूझीलंडविरुद्धची सेमीफायनल. ९ जुलैला ४६.१ षटकांत ५ बाद २११ वर पाऊस आला आणि उरलेला खेळ राखीव दिवसावर गेला. मॅचचं तिकीट दुसऱ्या दिवशीही चाललं. रेल्वेचं चाललं नाही. स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच असतं, ते पैसे सोडून दिले आणि थांबलो. १८ धावांनी हरलो. बाद फेरीला राखीव दिवस आहे का, हे आधी बघावे आणि त्या रात्रीचे हॉटेल धरूनच ठेवावे. धोनीच्या रनआउटबद्दल मला काहीही विचारू नये.

बाणेर
क्रिकेटवाल्यांचं सोपं आहे, तारीख तरी ठरलेली असते! मी फुटबॉलवाला, टीम लिव्हरपूल. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनमध्ये येतं, पण ते कच्चं समजायचं. टीव्हीवाले नंतर मॅचेस निवडतात आणि शनिवारी दुपारी तीनची मॅच रविवारवर किंवा थेट सोमवारी रात्रीवर जाते. त्यामुळे शुक्रवार ते मंगळवार लिव्हरपूलच्या आसपासच राहायचं, लंडन त्याच्या आधी किंवा नंतर. हॉटेल फुकटात रद्द होणारंच.

ॲनफिल्डचं, म्हणजे लिव्हरपूलच्या ग्राउंडचं, तिकीट म्हणजे आधी क्लबची मेंबरशिप, मग सोडतीत नाव घालायचं, मग वाट बघायची. लागलंच तर ते फोनमध्ये येतं. सोशल मीडियावर ‘एक्स्ट्रा आहे’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. सोडतीत नाही लागलं तर क्लबचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज असतं, महाग असतं, पण खरं असतं. आणि पाहुण्या टीमचा शर्ट घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसू देत नाहीत. माझा मेव्हणा मँचेस्टर युनायटेडवाला आहे, त्याला दिवसभर साध्या जॅकेटमध्ये फिरवला. मॅचइतकाच आनंद झाला.

औंध
दिवाळीवरून आठवलं. मेलबर्न, २३ ऑक्टोबर २०२२, भारत-पाकिस्तान, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सासूबाईंना सांगायचं काम नवऱ्याकडे दिलं होतं. त्याने ते विमानाची तिकिटं काढून झाल्यावर केलं. त्यांनी आठवडाभर अबोला धरला आणि निघताना बाकरवडीची पाकिटं बॅगेत कोंबली.

ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याच्या वस्तू कार्डावर लिहून द्याव्याच लागतात, लपवलं तर मोठा दंड. आम्ही लिहून दिलं. तिथल्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, तीळ आहेत का विचारलं आणि जा म्हणाल्या. घरचं तूप, ओलं खोबरं वगैरे नेऊ नका. आठवडाभर पावसाचा अंदाज होता आणि मॅचला थेंब नाही. ९०,२९३ लोक. कोहलीने रौफला मारलेला तो सरळ सिक्स आम्हाला समोरूनच दिसला. लक्ष्मीपूजन नणंदेने व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

खडकी
धनराज पिल्लेंच्या गावचे आम्ही, मग हॉकीच. पॅरिस ऑलिंपिक, २०२४. बाद फेरीचं तिकीट काढताना टीम कोणत्या ते माहीत नसतं, तिकीट असतं सत्राचं. ४ ऑगस्टला नेमकी भारत-ब्रिटन क्वार्टरफायनल आमच्या वाट्याला आली. सतराव्या मिनिटाला आपल्या रोहिदासला रेड कार्ड, पुढे सगळा वेळ दहा जण, १-१, आणि शूटआउटमध्ये गोलकीपर श्रीजेशने जिंकून दिलं! ब्राँझच्या मॅचला मात्र नव्हतो, रजा संपली होती.

हडपसर
रजाच नसेल तर दुबई. २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी पाकिस्तानात होती, पण भारताच्या सगळ्या मॅचेस दुबईलाच होत्या. पाकिस्तानविरुद्धची रविवारी होती, कोहलीचं शतक बघून मंगळवारी ऑफिसला हजर. दुबईला पुण्याहून थेट विमान आहे, त्यामुळे घाटातल्या ट्रॅफिकची धाकधूक नाही. फायनलचं मात्र मजेशीर होतं. आपण सेमी हरलो असतो तर ती लाहोरला झाली असती, म्हणून कुणी आगाऊ बुकिंग करेना. सेमी जिंकल्या रात्री विमानाचे दर बघितले आणि फायनल मगरपट्ट्यात मित्राच्या टीव्हीवर बघितली.